फोल्डस्कोप : दोन वर्षं वर्गात वापरल्यानंतर

दोन वर्षांपूर्वी, शाळा उघडायच्या आठवड्यात, मी फोल्डस्कोपचा, म्हणजे घड्या घालून जोडायच्या कागदी सूक्ष्मदर्शकाचा, वीस नगांचा संच मागवला. भंडारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी सहावी-सातवीला विज्ञान शिकवतो. पैसे खिशातलेच घातले होते, त्यामुळे खोकं आल्या आल्या एकेक भाग उलटून पालटून पाहिला. आज त्या विसातले सतरा धडधाकट आहेत. एक तलावात गेला, एक कुणाच्या तरी धाकट्या भावानं कात्रीनं कापला आणि एकाचा पत्ताच नाही. पोरांच्या हातात दोन वर्षं राहिलेल्या वस्तूचा हा हिशेब मला फार चांगला वाटतो. पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी घरी किंवा शाळेत घ्यायचा विचार असेल तर पुढचं वाचा. जरा सविस्तरच लिहितोय.

याच्या आधी एका ऑनलाइन दुकानातून मी प्लास्टिकचा सूक्ष्मदर्शक घेतला होता. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘1200 पट’ छापलेलं. कांद्याचा पापुद्रा ठेवून पाहिला तर नुसतं पिवळट धुकं. भिंग फिरवून फिरवून डोळे दुखले. पण तास तर घ्यायचाच होता. मुलं रांगेनं येऊन बघून गेली आणि जागेवर बसून पुस्तकातली आकृती बघून वहीत पेशी काढल्या. विटांच्या भिंतीसारख्या, केंद्रकासकट, बाण काढून नावं दिलेल्या. मी सगळ्या वह्यांवर सह्या केल्या. एकाही मुलाला पेशी दिसलेली नव्हती आणि पस्तीस वह्यांत ‘निरीक्षण’ या शब्दाखाली पेशी काढलेल्या होत्या. त्या सह्यांचं मला आजही वाईट वाटतं. शास्त्रज्ञ काम कसं करतात हे शिकवायच्या तासाला मी मुलांना न पाहिलेलं लिहायला शिकवलं होतं.

म्हणून फोल्डस्कोपकडून माझी अपेक्षा एकच होती. मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी काही तरी दिसावं, इतकं स्पष्ट की पुस्तक उघडायची गरज पडू नये.

आता वस्तूविषयी. हा कागदाचा सूक्ष्मदर्शक. जाड, पाण्यानं न भिजणाऱ्या कागदाच्या तक्त्यावर भाग कापून ठेवलेले असतात, ते सोडवायचे, घड्या घालायच्या, एकात एक अडकवायचे. मधोमध काचेचं एक बारीकसं गोल भिंग, मोहरीपेक्षा थोडं मोठं. सगळी करामत त्या भिंगाची. विशालन सुमारे 140 पट. साधारण 2 मायक्रॉन अंतरावरचे दोन ठिपके वेगळे दिसतात, म्हणजे मिलिमीटरचे पाचशे भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढे. मनू प्रकाश आणि जिम सिबुल्स्की यांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात हा तयार केला आणि 2014 साली त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. मनू प्रकाश मूळचे मेरठचे, कानपूरच्या आयआयटीत शिकलेले. सुट्या भागांचा खर्च एका डॉलरच्या आत बसला पाहिजे, हे त्यांनी धरलेलं सूत्र. आपल्या हातात पडेपर्यंत किंमत अर्थातच त्याहून जास्त होते, आणि ती दुकानागणिक बदलते, म्हणून आकडा देत नाही. एकट्या मुलासाठी एक नग घेण्यापेक्षा चार घरांनी मिळून संच घेतलेला परवडतो, एवढं नक्की.

जोडायला पहिल्या दिवशी सलग दोन तासिका लागल्या. सूचनांमधली चित्रं बघत, एकमेकांना विचारत मुलांनी जोडला. मी मुद्दाम हात लावला नाही. स्वतः जोडल्यामुळे पुढे भिंग सरकलं, पट्टी अडकली की ती माझ्याकडे येत नाहीत, आपापली सोडवतात. पालकांना माझी विनंती आहे की रात्री मूल झोपल्यावर आपण जोडून ठेवू नका.

पहिल्याच दिवशी जे झालं त्यावरून मला या वस्तूची किंमत कळली. शाळेमागच्या बोडीतलं, म्हणजे छोट्या तळ्यातलं, पाणी आणलं होतं. काचपट्टीवर थेंब टाकला, वर आच्छादक काच ठेवली, आणि दोन मिनिटांत वर्गात एकच गलका. “सर, जंतू! गोल गोल हायेत!” सगळ्यांच्या वह्यांत काळ्या जाड कडेची वर्तुळं. मीही पाहिलं. ते हवेचे बुडबुडे होते हे मला लगेच कळलं. सांगून टाकायचा मोह झाला, पण जुन्या सह्या आठवल्या. मी फक्त विचारलं, “जंतूच आहे हे कशावरून?”

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरचा, एरवी वर्गात फारसा न बोलणारा एक मुलगा म्हणाला, “सर, नुसतं उकळलेलं पाणी टाकून पाहू. त्यात तं जंतू नसन.” पोषण आहाराच्या स्वयंपाकघरातून उकळून गार केलेलं पाणी आणलं. त्यातही तीच वर्तुळं. मग दुसरी एक मुलगी म्हणाली की पट्टी तिरपी केली तरच ही सरकतात, स्वतःहून कुठं जात नाहीत. अर्ध्या तासात वर्गानं स्वतःचा शोध स्वतःच खोडला. कुणी हिरमुसलं नाही. उलट आता जे खरंच स्वतःहून हलतं ते शोधायची चढाओढ लागली, आणि चौथ्या की पाचव्या थेंबात चपलेच्या तळव्यासारखं काही तरी सर्रकन आडवं गेलं. ते पॅरामेशियम होतं, एकाच पेशीचा जीव. त्याचं नाव मी शेवटी सांगितलं.

तुलनेसाठी दुसरा नमुना ठेवणं, ज्यात आपण शोधतोय ती गोष्ट नसणार असा, हे मी याआधी कैक वेळा फळ्यावर लिहून दिलं होतं. उकळलेलं पाणी मागणाऱ्या त्या मुलाला फळ्यावरचं ते वाक्य आठवलं नसेल. पण त्यानं केलं तेच.

इथं मी मुलांना अँटोन व्हॅन ल्युवेनहॉकची गोष्ट सांगतो, कारण फोल्डस्कोप म्हणजे त्याच्या यंत्राचाच नातू. तो नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी. त्याचाही सूक्ष्मदर्शक एकाच बारीक भिंगाचा, डोळ्याला लावून बघायचा. त्याला प्रश्न पडला की मिरी तिखट का लागते. म्हणून त्यानं मिरी पाण्यात भिजत घातली आणि ते पाणी भिंगाखाली धरलं. तिखटपणाचं कारण सापडलं नाही, पण पाण्यात वळवळणारे जीव दिसले, इतके बारीक की तोवर कुणी पाहिले नव्हते. 1676 साली त्यानं हे लंडनच्या रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेला कळवलं. तिथल्या लोकांनी लगेच मान डोलावली नाही. तिथल्याच रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञानं स्वतः मिरीचं पाणी करून पाहिलं, आणि 1677 च्या नोव्हेंबरात सोसायटीच्या सदस्यांना ते जीव दाखवले. मगच ते खरं धरलं गेलं. ही गोष्ट सांगितली की आमच्या वर्गात दरवर्षी मिरी भिजत पडते. हूकसारखं करून पाहायचंच असतं सगळ्यांना.

पण फोल्डस्कोपचं मोठं काम आमच्याकडे झालं ते पर्णरंध्रांवर, आणि त्यासाठीच मी हे लिहायला बसलो.

पान श्वास घेतं ती बारीक छिद्रं म्हणजे पर्णरंध्रं. दोन घेवड्याच्या दाण्यांसारख्या पेशी एकमेकींकडे तोंड करून बसलेल्या, मधे फट. बघायची युक्ती सोपी. पानावर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचं, त्यावर सेलोटेप दाबून अलगद ओढायची. पानाच्या पृष्ठभागाचा ठसा टेपवर उठतो. टेप काचपट्टीवर चिकटवायची आणि बघायचं. खिडक्या उघड्या ठेवा, नेलपॉलिशचा वास डोक्यात जातो. फोल्डस्कोपसोबत येणाऱ्या लोहचुंबकानं तो मोबाइलच्या कॅमेऱ्याला चिकटवता येतो, मग फोटो काढून सावकाश मोजता येतं.

आमचा प्रश्न होता की रंध्रं पानाच्या वरच्या बाजूला जास्त की खालच्या? मोजण्याआधी प्रत्येकानं अंदाज लिहायचा, कारणासकट, आणि पेनानं. पेन्सिल चालणार नाही, खोडायचं नाही. हा नियम मी घातला आणि त्यावर ठाम राहिलो. पोरं सुरुवातीला फार घाबरली, कारण चुकलेलं वहीत राहणार. ‘वर जास्त, कारण ऊन वर पडते’ असं बऱ्याच जणांनी लिहिलं. ‘खाली जास्त, वर असले तर उन्हानं पाणी उडून जाईल’ असं थोड्यांनी.

आंबा, पिंपळ, जास्वंद घेतली. पहिल्याच फोटोवर दोन मुलींचे आकडे जुळेनात. एकच फोटो, एकीनं मोजली 31, दुसरीनं 24. दोघीही हट्टानं आपापला आकडा धरून बसल्या. शेवटी कळलं की एक कडेला अर्धवट दिसणारी रंध्रंही धरत होती, दुसरी नाही. मग वर्गानं ठरवलं की उजव्या अर्ध्या कडेवरची धरायची, डाव्या अर्ध्या कडेवरची सोडायची, प्रत्येक फोटो दोघांनी एकमेकांना न दाखवता मोजायचा, आणि एका पानाच्या एका बाजूचे निदान पाच ठिकाणचे फोटो घेऊन सरासरी काढायची. मोजायच्या या नियमावर एक अख्खी तासिका गेली. मला ती वर्षातली सगळ्यात चांगली तासिका वाटते. सरासरी गणिताच्या तासाला शिकवून झाली होती. ती कशासाठी असते हे त्यांना त्या दिवशी कळलं.

आकडे आले. तिन्ही झाडांत रंध्रं खालच्या बाजूला, वर जवळजवळ नाहीत. फळ्यावर नियम लिहिला गेला, ‘पर्णरंध्रे पानाच्या खालच्या बाजूला असतात.’ मी पुढे काही बोललो नाही.

रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस होते. एकानं धानाचं पान आणलं. त्यावर ठसा काही केल्या नीट उठेना, म्हणून त्याच जातकुळीचा मका घेतला. मक्यात रंध्रं दोन्ही बाजूंना, आणि तीही विखुरलेली नाहीत, रांगांत, शिवण घातल्यासारखी. फळ्यावरच्या वाक्यात कुणी तरी ‘बहुतेक’ हा शब्द घुसवला.

दोन दिवसांनी एक मुलगी ओल्या पिशवीत कुमुदाची पानं घेऊन आली. कुमुद म्हणजे कमळासारखं फूल येणारी पाणवनस्पती, पानं पाण्यावर तरंगणारी. तिचे वडील मालगुजारी तलावात, म्हणजे मालगुजारांच्या काळातल्या जुन्या गावतलावात, मासे धरतात, पहाटे डोंग्यात ती त्यांच्यासोबत जाते. तिनं आपली टेप लावली, पाहिलं, परत लावली, परत पाहिलं. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “सर, खाली तं एकबी नाही दिसून राह्यलं. वरच हायेत सगळे.” तिला वाटत होतं तिचंच काही चुकलं. मी म्हटलं, “तुला काय वाटतं, असं का असेल?” ती थोडा वेळ पानाकडे बघत राहिली आणि म्हणाली, “खाली पाणी राह्यते नं सर. श्वास कसा घेईल?”

एवढी मोठी गोष्ट त्या मुलीनं उभ्या उभ्या सांगितली. वर्गात कुमुद रोज पाहणारी तीच एकटी होती. फळ्यावरचा नियम पुसला नाही, त्याच्याखाली नवं वाक्य लिहिलं की रंध्रं तिथं असतात जिथं हवा लागते. सुरुवातीला ‘वर जास्त’ लिहून चुकलेल्यांनी मग आपापल्या वह्या काढून ‘आमचं कुमुदासाठी बरोबर होतं’ असा दावा केला. मी तो मान्य केला नाही. कारण त्यांनी ऊन लिहिलं होतं, हवा नाही. उत्तर जुळलं तरी कारण जुळलं पाहिजे, यावर पोरांशी बराच वाद झाला आणि तो होऊ दिला.

दुसऱ्या वर्गालाही हेच दिसतं का ते पाहायला चार फोल्डस्कोप मी शेजारच्या गावातल्या एका शिक्षक मित्राला दिले. त्यांच्या मुलांनी कुमुद मोजलं आणि निरोप आला की तुमच्या उलट, रंध्रं खालीच आहेत. आमच्या वर्गात खळबळ! ‘त्यांचं चुकलं’ असं म्हणून मोकळं व्हायला सगळे तयार होते. मी म्हटलं, आधी त्यांनी काय काय केलं ते विचारा. पत्र लिहिलं, उत्तर आलं. पानं घरी नेऊन दुसऱ्या दिवशी वापरली होती, आणि सुकून गुंडाळलेल्या तुकड्यांची वरची बाजू कुठली हे अंदाजानं ठरवलं होतं. पुन्हा केलं, या वेळी तोडतानाच तुकड्यावर पेनानं ‘व’ लिहून. आकडे जुळले. तेव्हापासून आमच्याकडेही तोडतानाच ‘व’ लिहितात. खरं तर आधी आम्हीही लिहीत नव्हतो, नशिबानं आमचं चुकलं नव्हतं, एवढंच. ही गोष्ट त्या वर्गाच्या पत्रामुळे ध्यानात आली.

आता घेणाऱ्यांसाठी थोडं रोखठोक. साध्या संचात स्वतःचा दिवा नसतो, खिडकीकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे धरून बघायचं. ढगाळ दिवसांत मोबाइलचा टॉर्च लागतो. थेट सूर्याकडे धरून कधीही, एक क्षणभरही बघू द्यायचं नाही. हा नियम पहिल्या दिवशीच घाला आणि मोडला तर फोल्डस्कोप काढून घ्या, डोळ्याचा प्रश्न आहे. भिंग डोळ्याच्या अगदी जवळ न्यावं लागतं, चष्मा असलेल्यांना ते अवघड जातं. त्यांच्यासाठी मोबाइल लावलेला बरा. प्रतिमा स्पष्ट करायला अंगठ्यानं कागद किंचित पुढे-मागे ढकलावा लागतो, आणि ते हाताला जमायला तीन-चार दिवस जातात. पहिल्या दिवशी काही दिसलं नाही म्हणून कपाटात ठेवू नका. दह्यातले जिवाणू दाखवायच्या आशेनंही घेऊ नका, ते याच्या आवाक्याच्या काठावर आहेत आणि मुलं निराश होतात. कांद्याचा पापुद्रा, फुलातले परागकण, फुलपाखराच्या पंखावरची भुकटी, मुंगीचा पाय, कापसाचा आणि नायलॉनचा धागा, साठलेलं पाणी, हे सगळं सुरेख दिसतं. माध्यमिकच्या प्रयोगशाळेतला चांगला सूक्ष्मदर्शक असेल तर तो याच्याहून सरस आहेच. पण तो टेबलावर एक असतो, आणि मुलं पस्तीस असतात. हा खिशात घालून तलावावर नेता येतो.

आणखी एक. सोबत जाड वही घ्या, प्रत्येकाची वेगळी. माझ्या अनुभवात वहीशिवाय दिलेला फोल्डस्कोप आठवडाभरात खेळणं होतो. दर नोंदीला तारीख, जागा, काय ठेवलं, आधी काय वाटलं, काय दिसलं. एवढे पाच रकाने पुरतात. विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी खायच्या सोड्याचा ज्वालामुखी उसळतो, तो मुलांना आवडतो आणि मीही आजवर करून घेत आलो. पण त्यात काय होणार हे आधीच सगळ्यांना ठाऊक असतं. आमच्या मुलांनी गेल्या वर्षी प्रदर्शनात या वह्याच मांडल्या, खोडाखोड न केलेल्या, चुकलेल्या अंदाजांसकट. बघायला आलेल्या एका आजोबांनी पान उलटून विचारलं, “हे चूक आहे तर ठेवलं कशाला?” टेबलामागे उभ्या मुलानं उत्तर दिलं, “आजोबा, तवा आमाले तसंच वाटत होतं.”

सध्या वर्गात शिंगाड्याचा प्रश्न चालू आहे. आमच्या तलावात शिंगाडा लावतात. त्याची काही पानं पाण्यावर पसरलेली असतात, आणि दाटी झाली की काही पानं पाण्यातून वर उचलून येतात. कुमुद आणणारीच मुलगी विचारते आहे की वर उचललेल्या पानाला खालूनही हवा लागते, तर त्याला खाली रंध्रं येतील का? पस्तीस जणांनी पेनानं अंदाज लिहिलेत, एकवीस ‘येतील’, चौदा ‘येणार नाहीत’. शेवटचा रकाना सगळ्यांचा कोरा आहे. सोमवारी ती दोन्ही प्रकारची पानं आणणार आहे, तोडतानाच ‘व’ लिहून.